सूपभर कोंडा

निरोप मिठाच्या पडावावरून आला. रेवदंड्याला मीठ उतरवून झाल्यावर तांडेल चौलपर्यंत चालत आला, वाडीच्या कवाडीशी उभा राहिला आणि माहेरच्या गोदूकाकीचे शब्द जसेच्या तसे त्यानं राहीच्या पदरात टाकले.

"कोंडाजी घरी येत न्हाय. मिठागराच्या खोपीत बसून असतो. जेवत न्हाय, बोलत न्हाय. काका म्हणतात आठ दिस बघू, न्हायतर ठाण्याला वेड्यांच्या इस्पितळात नेऊन ठेवू. तू ये."

राही सुपाऱ्या सोलत होती. सोललेल्या डाव्या बाजूला, न सोललेल्या उजव्या. निरोप ऐकल्यावर ती सोललेली सुपारीच पुन्हा सोलायला लागली.

"जाऊन ये," तिचा नवरा रामचंद्र म्हणाला. "तुझा भावूस हाय."

भावूस. हा शब्द राहीच्या माहेरी मोठ्यानं उच्चारायचा नाही, असा दंडक होता. एका-दोन दिवसांचा नव्हे, पुऱ्या वीस वर्षांचा.

राहीच्या पाठीवर तीन भाऊ झाले आणि तिन्ही गेले. एक अकराव्या दिवशी, एक सव्वा महिन्याचा होऊन, एक चांगला रांगता झाल्यावर. बापूस येसाजी मुंबईच्या गोदीत कामाला, वर्षातून दोनदा घरी यायचा. दर खेपेला पाळणा टांगलेला बघून जायचा आणि पुढच्या खेपेला पाळण्याची दोरी वळचणीला खोचलेली बघायचा. चौथा झाला तो स्वराज्याचे झेंडे लागले त्या सालच्या पावसाळ्यात. तेव्हा राहीच्या माहेरगावी, शेवाळखारात, जाणत्या बायकांनी आईला, आवडाबाईला, जे सांगितलं ते तिनं केलं. पाचव्या दिवशी, सटवी नशीब लिहायला यायच्या आत, तिनं बाळ सुपात ठेवलं आणि उंबऱ्यावर येऊन बसली. उंबऱ्याच्या बाहेर मनुबाई. पाच जित्या पोरांची आई, गावात तिच्यासारखी लेकुरवाळी दुसरी नव्हती.

"मनुबाय, घेतेस का गो हे पोर?"

"काय मागतेस?"

"देशील ते."

"सूपभर कोंडा देईन. त्याच्याहून जास्तीचं दिसत न्हाय."

"दे."

पोर बाहेर गेलं, कोंडा आत आला. मनुबाईनं पोराला एकदा खालीवर बघितलं, नाक मुरडलं आणि परत आईच्या मांडीवर ठेवलं. "पोर माझं हाय बरं का. माझ्या घरात जागा न्हाय म्हणून तुझ्याकडं ठेवते. सांभाळ."

"सांभाळते," आई म्हणाली, आणि आपलंच बाळ तिनं परक्याचं म्हणून छातीशी घेतलं.

म्हणून तो कोंडाजी. सटवी आली तर तिला या घरात घेण्याजोगं काही दिसू नये. एक राही, ती मुलगी, आणि एक कोंड्याच्या मोलाचं परकं पोर. पाचव्या वर्षी त्याला सोडवायचं, असं ठरलं होतं. सूपभर भात मनुबाईला द्यायचं, कोंडा परत करायचा, पोराचं खरं नाव त्याच्या कानात सांगायचं, मग ते जगाला सांगायचं. तोवर त्याला चांगलं म्हणायचं नाही. नवं नेसवायचं नाही, दिवाळीला मनुबाईच्या पोरांची जुनेरं यायची ती घालायची. जेवायला त्यानं बसायचं ते उंबऱ्यावर, विकलं त्या जागी, जर्मनच्या पोचे पडलेल्या ताटात. कुणी पाहुणा विचारता झाला, "हा कुणाचा गो?" की राहीनं पुढं होऊन सांगायचं, "मनुबायचा हाय. आमच्याकडं असतो."

राही हे फार चांगलं सांगायची.

सगळ्या घरानं त्या पोराला जगवण्यासाठी एक खोटं धरलं होतं, जसं पूर आला की माणसं बांध धरतात. प्रत्येकाचे हात लागलेले. त्यात एक राहीचाच हात असा होता, की तिला ते खोटं गोड लागायचं. आई दळायला बसली की ओवी म्हणायची. पहिली ओळ मोठ्यानं, जात्याच्या घरघरीच्या वर. दुसरी अगदी हळू, जात्याच्या पोटात.

कोंडा गं कोंडा म्हणू, कोंडा वाऱ्यावरी जाई
कोंड्याच्या गं पोटी दाणा, कुणा सांगू नको बाई

राहीला दोन्ही ओळी यायच्या. पण तिला पाणी भरायला लागलं आणि कोंडाजी खेळत बसला, की ती पहिलीच ओळ म्हणायची. "कोंडा वाऱ्यावरी जाई, कोंडा वाऱ्यावरी जाई." तो तोंडाकडं बघत राहायचा. चार वर्षांचा असताना त्यानं एकदा विचारलं, "बाय, मी खराच मनुबायचा काय?" राहीच्या डोक्यावर हंडा होता, मान अवघडली होती. ती म्हणाली, "मग काय! आमचा असतास तर आत बसून जेवला असतास."

तो रडला नाही. त्या दिवसापासून पाणी प्यायच्या आधी मात्र तो विचारायला लागला: "पिऊ काय?"

पाचव्या वर्षी त्याला गोवर आला. आई म्हणाली, यंदा नको, सटवीचं लक्ष हाय. सहाव्या वर्षी आई स्वतःच अंथरुणाला खिळली. एका दुपारी तिनं राहीला जवळ बोलावलं, कोंडाजी बाहेर गोट्या खेळतो आहे ना, हे बघितलं, आणि राहीच्या कानाला तोंड लावून एक नाव सांगितलं.

"त्याचं नाव हाय. कुणाला म्हायती न्हाय. नवं भात आलं की त्याला सोडव. आधी त्याच्या कानात सांग, मग जगाला. तुझा बापूस असल्या कामाचा न्हाय. तू कर."

"करीन," राही म्हणाली.

नवं भात यायच्या आत आई गेली. वर्षाच्या आत लग्न उरकायचं म्हणून राहीचं लग्न लागलं, ती चौलला आली. माहेरपणाला जाईन तेव्हा करू, असं तिच्या मनात होतं. बापूस त्यानंतर मुंबईहून आलाच नाही, दोन वर्षांनी तो गेल्याची बातमी तेवढी आली. कोंडाजी त्याच घरात काका-काकीकडं राहिला. आणि राहीचा पहिला मुलगा नऊ महिन्यांचा होऊन गेला.

पुढं जे झालं ते ठरवून झालं नाही, असं राही स्वतःला सांगत आली होती. दुसऱ्या मुलाच्या बारशाला नणंदेनं पाळण्यावर वाकून विचारलं, "काय गो, नाव काय ठेवायचं?" आणि राहीच्या तोंडून आपसूक आलं, "शिवदास."

आपसूक नव्हतं. आदले आठ दिवस ती ते नाव घोळवत होती. सटवीनं कधी न ऐकलेलं, आईनं जपून ठेवलेलं, घडी न मोडलेल्या लुगड्यासारखं नाव. कोंडाजी तर जगला. अकरा वर्षांचा झाला, हातीपायी धड आहे. त्याला आता नावाची काय गरज? हे नाव माझ्या बाळाला राखील. आईचं नाव आहे, आईच्या नातवाला गेलं, कुठं परक्याला गेलं? असं तिनं मनाशी जुळवलं होतं, आणि बारशाला आलेल्या बायकांनी "छान नाव गो" म्हटल्यावर ते जुळल्यासारखं वाटलंही होतं.

बारशाला कोंडाजी आला होता. काकीनं दिलेली तांदळाची गठडी डोक्यावर घेऊन. नाव ऐकल्यावर त्यानं गठडी खाली ठेवली, पाळण्यापाशी गेला, बाळाकडं खूप वेळ बघितलं आणि न जेवता निघून गेला. चौल ते शेवाळखार, अकरा वर्षांचं पोर, पायी. राहीनं त्याला जाताना बघितलं होतं. हाक मारली नव्हती.

तेव्हापासून माहेरी गेली तरी ती सोडवण्याचं नाव काढत नसे. सोडवून त्याला काय देणार होती? नावाची घडी मोडलेली होती.

शिवदास आता नऊ वर्षांचा. अलिबागला एसटी बदलून धरमतरच्या गाडीत बसल्यावर त्याचे प्रश्न सुरू झाले.

"आय, मामा मना 'तुमी' का म्हणतो?"

"भाच्याला मान असतो."

"सदाचा मामा तर सदाला गाढवा म्हणतो."

राही खिडकीबाहेर बघत राहिली. खरं होतं. कोंडाजी भाच्याला 'आहो-जाहो' करायचा, गाव हसायचं. त्याच्यासाठी दर वर्षी उंबराच्या लाकडाची होडी कोरून पाठवायचा, पण त्याला कधी उचलून घ्यायचा नाही. शिवदास अंगावर झेपावला तर हात मागे बांधून उभा राहायचा, जसं कुणी देवाच्या पालखीला आपला हात लागू नये म्हणून उभं राहावं.

शेवाळखारात गोदूकाकी अंगणात भात वाळवत होती. राहीला बघून तिनं डोळ्याला पदर लावला आणि लगेच काढला. काकीला रडायला वेळ नसायचा.

"काय झालं गो काकी?"

"काय व्हायचं? चांगली सोयरीक आणली होती. पलीकडच्या खारातली सत्यवती, नाकीडोळी नीटस, कामाला वाघीण. पाव्हणे आले, चहा प्याले. पोरीच्या बापसानं रीतीनं इचारलं, पोराचे आय-बापूस कोण? तर हा दारातून म्हणतो, 'मी विकलेला हाय. मनुबायला इचारा.' पाव्हण्यांनी कप खाली ठेवले, ते गेलेच." काकीनं कोंबडीला हाकललं. "मी बोलले त्याला. बोलणारच की. जल्लं, कवा एकदा झालं ते, त्याचं इतकं काय? मी त्याला कमी केलं काय कधी? आत बस म्हणून चवदा वर्सं सांगते. उंबरा सोडत न्हाय. तवापासून खोपीत हाय. आज सोळा दिस. मीठ ओढायला लावलं तर दोन माणसांचं ओढतो आणि मग बसतो तो बसतोच. भाकरी नेली तर इचारतो, 'ही कुणाची?' त्याची हाय म्हटलं की खात न्हाय. उरलेली हाय म्हटलं तर घासभर खातो."

राहीनं सूप मागितलं. काकीनं तिच्याकडं बघितलं, काही विचारलं नाही, वाळत घातलेलं नवं भात सूपभर भरून दिलं.

मनुबाई आपल्या ओटीवर मशेरी लावत बसली होती. डोळ्यांत पडदा आलेला, तोंड मात्र अजून धडधाकट.

"कोण गो? चालीवरनं आवडाची राही वाटते. मेली न्हायस व्हय अजून?"

"न्हाय मनुबाय. भात घेऊन आले. कोंडाजीला सोडवायला."

मनुबाईचं बोट दातांवरच थांबलं. मग तिनं चूळ भरून अंगणात टाकली.

"चवदा वर्सं. आवडानं मरायच्या आदल्या दिशी मना सांगितलं होतं, राही येईल भात घेऊन. मी दर सालचं नवं भात बघते आणि रस्ता बघते. माझी पोरं म्हणतात, आय, कुणाची वाट बघतेस? म्हटलं, एक गिऱ्हाईक यायचं हाय." ती हसली, पण हसू टिकलं नाही. "आम्ही त्याला जगवायला दोन दारं दिली, बाय. आणि तो एकाही दारातून आत गेला न्हाय. मना तो आय म्हणत न्हाय, गोदूला घर म्हणत न्हाय. मी घाबरून त्याला कधी जवळ घेतलं न्हाय, आवडाची ठेव म्हणून. नाव आणलंस? आवडा म्हणाली होती, नाव राहीकडं हाय."

राही सुपातलं भात सारखं करत राहिली.

शिवदास ओटीच्या खांबाला धरून गोल फिरत होता. मनुबाईनं त्या आवाजाकडं मान वळवली.

"हा तुझा काय? काय नाव रे तुझं?"

"शिवदास रामचंद्र," त्यानं शाळेत सांगतात तसं ठणठणीत सांगितलं.

"व्हय काय," मनुबाई म्हणाली. फिरायचं थांबलेल्या पोराच्या डोक्यावरून तिनं हात फिरवला, आणि बराच वेळ ती आपल्या बिनडोळ्यांनी राहीकडं बघत राहिली. राहीला वाटलं, म्हातारी आता बोलेल, शिव्या देईल, सूप लाथाडेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"सूप मी घेईन," मनुबाई एवढंच म्हणाली. "पण आधी त्याला सांगून ये. न सांगता सोडवलंस तर तो सुटायचा न्हाय. आणि तूही न्हाय. पोर राहू दे माझ्यापाशी."

मिठागरं खाडीच्या अंगाला होती. पौषाचं ऊन पडलं होतं, वाफ्यांतलं पाणी आटायला लागलं होतं, कडेनं मिठाची साय धरली होती. समुद्राचं पाणी आत घ्यायची जी लाकडी दारं असतात, ज्यांना उघाडी म्हणतात, त्या उघाडीशेजारी खोप होती. खोपीच्या बाहेर, गावाकडं पाठ करून, कोंडाजी बसला होता. वीस वर्षांचा बाप्या. पाय मिठानं चिरलेले, खांदे आईसारखे उतरते.

पाऊल वाजलं तसा तो उठून उभा राहिला. कुणी आलं की बसून राहायचा आपल्याला हक्क नाही, अशा घाईनं.

"बाय? तू कशाला आलीस? बस. इथं बसतेस? आत चटई हाय, ती आणू काय?"

"नको. तूच बस रे."

"पोर आले काय? शिवदास? बरे हायत ना?"

राही बांधावर बसली. भरतीचं पाणी उघाडीच्या फळ्यांना धडका देत होतं. बोलण्याऐवजी तिनं ओवी म्हटली. पहिली ओळ म्हटल्याबरोबर त्याची मान खाली गेली, लहानपणी जायची तशीच. मग तिनं दुसरी म्हटली. कोंड्याच्या गं पोटी दाणा, कुणा सांगू नको बाई.

"ही आपली न्हाय," कोंडाजी म्हणाला. "आपली एकच ओळ हाय."

"दोन हायत. आय दोन म्हणायची. मी तुला एकच म्हणून दाखवायचे."

"का?"

"तू खेळत बसायचास आणि मना पाणी भरायला लागायचं म्हणून."

ऐकणाऱ्याला हसू यावं इतकं ते छोटं होतं. तो हसला नाही. राहीनं मग सगळं सांगितलं, न थांबता, पाणी उघाडीतून सुटतं तसं. विकणं कसं खोटं होतं. तीन पाळणे. उंबरा कशासाठी. आई जवळ असूनही त्याला कुणासमोर कुरवाळायची नाही ती का. पाचवं वर्ष, गोवर, आईचं आजारपण. "सोडवायचं काम तिनं माझ्याकडं दिलं होतं. आणि तुझं नावही माझ्याकडं दिलं होतं."

"माझं नाव कोंडाजी हाय."

"न्हाय रे. तो सटवीला दाखवायचा कोंडा. तुझं नाव…" राहीनं तोंड खाडीकडं फिरवलं. "तुझं नाव शिवदास. मी ते माझ्या पोराला दिलं. तुला न सांगता. म्हायती असून दिलं. मी चोरलं तुझं नाव."

वाऱ्यानं खोपीचा पेंढा सळसळला. मग तो असं बोलला, जसं स्वतःशी काही पडताळून बघतो आहे.

"आय दुपारची म्हणायची."

"काय?"

"मी झोपलो असं वाटलं की. अंगावर हात फिरवायची आणि हळू म्हणायची, शिवदासा, माझ्या शिवदासा. मी डोळे मिटून असायचो." त्यानं एक मिठाचा खडा उचलला, बोटांत फिरवला. "मना वाटायचं, तिचा खरा पोर शिवदास. तो मेलेला. त्याच्या बदली मना कोंडा देऊन आणला. आय मना कुरवाळते, पण ते त्याला. म्हणून मी हलायचो न्हाय. हललो तर तिला कळेल, हा तो न्हाय."

राहीचा हात तोंडावर गेला.

"मग तुझ्या घरी बारसं झालं. बायकांनी नाव घेतलं. मी म्हटलं, आला. खरा जो होता तो आला परत, बायच्या पोटी. आता माझी पाळी संपली." खडा त्यानं पाण्यात टाकला. "बदलीचा माणूस किती दिस ऱ्हाणार, बाय? खरा आल्यावर? तरी मी नऊ वर्सं ऱ्हायलो. होड्या दिल्या. मग काकी म्हणाली, लगीन कर. मी म्हटलं, त्या पोरीला फसवायचं कसं? ती येईल, म्हणेल माझा घरधनी कोण, तर कुणीच न्हाय."

राहीनं आयुष्यभर या गोष्टीची शिक्षा मनात रंगवून ठेवली होती. तो मारेल, तोंड बघणार नाही, पोराला शाप देईल. हे तिनं रंगवलं नव्हतं. आपण नाव घेतलं, एवढंच तिला वाटलं होतं. ते घेताना आपण त्याच्या हातून त्याची आईसुद्धा काढून घेतली, दुपारच्या झोपेतला तिचा तो एक हातसुद्धा, हे तिला आज या बांधावर कळत होतं.

"ती तुलाच म्हणायची रे," ती म्हणाली. "तुलाच. दुसरा कुणी नव्हताच."

"मनाच?"

"तुलाच."

कोंडाजी पाण्याकडं बघत राहिला. त्याचे खांदे हलायला लागले. राहीनं हात पुढं केला, पण त्याला लावला नाही. तो हक्क तिनं अजून मिळवला नव्हता. तीही रडली, पण हळू, त्याचं रडणं आधी होऊ दे म्हणून.

उन्हं कलायच्या आत दोघं घरी आली. मनुबाई आपल्या नातवाच्या हाताला धरून आधीच येऊन अंगणात बसली होती, मांडीवर सूप, सुपात काकीनं परतीचा म्हणून घातलेला कोंडा. काकी आत, काका ओटीवर घसा खाकरत. शिवदास शेजारच्या पोरांत अंगणापलीकडं विटीदांडू खेळत होता. कोंडाजीला बघून शेजारपाजारच्या दोन-चार बायका कुडाशी जमल्या.

राही उंबऱ्याच्या आत बसली, आई बसली होती तिथं. मनुबाई बाहेर. मध्ये कोंडाजी उभा, कुठं उभं राहायचं ते न कळून.

"मनुबाय, तुझं पोर आमच्याकडं हाय. देतेस काय परत?"

"काय देशील?"

"सूपभर भात. नवं." राहीनं भाताचं सूप उंबऱ्यावरून पुढं सारलं.

मनुबाईनं भातात हात घातला, मूठ भरली, सोडली. "भात बरं हाय. पोरही बरं हाय." आवाज कापला तसा तिनं तो सावरला. "दिलं, आवडा. तुझं तू घे." तिनं राहीला आवडाच म्हटलं, आणि कुणी ते दुरुस्त केलं नाही. मग तिनं चाचपून कोंडाजीचा हात धरला, वीस वर्षांत पहिल्यांदा, आणि त्याला उंबऱ्याकडं ढकललं. "जा रे. किती उभा ऱ्हाशील? माझे पाय दुखतात तुला बघून."

तो उंबऱ्यापाशी येऊन थांबला. सवयीनं तिथंच बसायला वाकला.

"आत," राही म्हणाली.

त्यानं एक पाय आत टाकला. मग दुसरा. काकीनं नवा पाट मांडला होता, पितळेचं ताट. त्याच्याकडं तो असं बघत होता जसं ते दुसऱ्या कुणासाठी मांडलं आहे.

राहीनं त्याच्या कानाशी तोंड नेलं, आईनं तिच्या कानाशी नेलं होतं तसं, आणि नाव सांगितलं. आधी त्याला. आता जगाला सांगायचं होतं. ती सरळ झाली, अंगणातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी तिनं हाक मारली.

"शिवदास!"

"ओ! आलो आय!" अंगणापलीकडून उत्तर आलं. धावत, धापा टाकत, हातात विटी घेऊन नऊ वर्षांचा पोर दारात येऊन उभा राहिला. "काय गो?"

पाटाजवळ उभ्या असलेल्या माणसाचे ओठ उघडले होते, ते मिटले. तो एक पाऊल बाजूला सरला. पोराला जागा देण्यासाठी.

राहीला वाटलं, जमिनीनं आपल्याला गिळावं. कुडाशी जमलेल्या बायकांपैकी कुणीतरी "अगो बाय" म्हणालं.

"तुला न्हाय रे," ती पोराला म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "मामाला हाक मारली. त्याचं नाव हाय. तुझं मी त्याचंच घेतलंय."

"मामाचं? मग माझं काय?"

"तुझंही तेच. पण आधी त्याचं."

शिवदासनं मामाकडं बघितलं. पोरांना अशा गोष्टी मोठ्यांहून लवकर पटतात. "मग मना 'तुमी' म्हणू नको," तो म्हणाला, आणि विटी घेऊन पायरीवर बसला, पुढं काय होतं ते बघायला.

राहीनं पुन्हा हाक मारली. कोंडाजीची नजर पाटावरच. पोर उत्तर देणार होतं, त्यानं आपल्याच तोंडावर हात दाबून धरला. राहीनं तिसऱ्यांदा मारली. आत चुलीवर भात रटरटत होता. मनुबाई मान वर करून ऐकत होती. तिच्या मांडीवरच्या सुपातला कोंडा वाऱ्यानं थोडा थोडा उडत होता आणि ती तो धरत नव्हती.

चौथ्या हाकेला तो म्हणाला, "ओ."

लहान मुलाच्या आवाजात म्हणाला. दुपारच्या झोपेत डोळे मिटून पडलेल्या, न हलणाऱ्या पोराच्या आवाजात.

मग तो पाटावर बसला. काकीनं भात वाढला, वर सुकटीचं कालवण, ताकाची वाटी. त्यानं पाण्याच्या तांब्याकडं बघितलं, मग राहीकडं.

"पिऊ काय?"

राहीनं तांब्या उचलून त्याच्या हातात दिला आणि भिंतीकडं तोंड करून बसली. किती वर्षं तो असंच विचारत राहील, आणि आपण किती वर्षं ते ऐकू, याचा अंदाज तिला आता आला होता.